पदवीसोबत जीआयएसचे मायनर: एक तालुका निवडा आणि शेवटपर्यंत तोच धरा

प्रवेशाच्या दिवसांत विभागाच्या दाराशी येणारे विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: "मॅडम, मायनरला जीआयएस घेतलं तर नोकरी मिळेल का?" मायनर म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय आणि जीआयएस म्हणजे जागेशी जोडलेली माहिती संगणकावर साठवून तिचे नकाशे व विश्लेषण करण्याची प्रणाली. मी त्यांना उलट विचारते, की तुमच्या मुख्य विषयातला असा एखादा प्रश्न सांगा, ज्यात 'कुठे' हा शब्द आल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. अर्थशास्त्राचा एखादा विद्यार्थी म्हणतो, की डाळिंबाचे क्षेत्र कोणत्या गावांत वाढले ते पाहायचे आहे. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणते, की देवराया कुठे उरल्या आहेत ते नोंदवायचे आहे. असा प्रश्न ज्याच्याजवळ आहे त्याने हे मायनर डोळे मिटून घ्यावे. ज्याच्याजवळ नाही त्याने आठवडाभर विचार करावा, कारण जीआयएस, म्हणजे भूअवकाशीय माहितीशास्त्र, हा स्वतंत्रपणे चघळण्याचा विषय म्हणून घेतला तर दोन वर्षांत हाती फक्त एका सॉफ्टवेअरच्या मेन्यूंची ओळख उरते.

या लेखात मी महाराष्ट्रातील पदवीचा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला आहे आणि एकच युक्ती शेवटपर्यंत वापरली आहे: मायनरच्या पहिल्या सत्रात एक तालुका निवडायचा आणि प्रत्येक प्रात्यक्षिक, प्रत्येक गृहपाठ आणि शेवटचा प्रकल्प त्याच तालुक्यावर करायचा. उदाहरणासाठी मी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका घेते.

नाव नोंदवण्यापूर्वी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत मुख्य विषयाच्या जोडीला मायनर असते. त्याचे क्रेडिट किती, ते कोणत्या सत्रापासून सुरू होते आणि मध्येच बदलता येते का, हे विद्यापीठागणिक आणि स्वायत्त महाविद्यालयांत तर महाविद्यालयागणिक बदलते. म्हणून माहितीपत्रकावर विसंबून न राहता अभ्यास मंडळाने मंजूर केलेला अभ्यासक्रमच मागून घ्यावा. तो हातात आला की एक आकडेमोड करावी. लेखी विषयाचे एक क्रेडिट म्हणजे सुमारे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचे एक क्रेडिट म्हणजे सुमारे ३० तास. एकूण क्रेडिटपैकी प्रात्यक्षिकांचा वाटा निम्म्याहून कमी असेल तर ते मायनर कागदावरचे आहे असे मी समजते. उरलेले तास तुम्हाला घरी भरून काढावे लागतील.

त्यानंतर प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहून यावी. किती संगणक चालू आहेत, त्यांवर कोणते सॉफ्टवेअर आहे आणि संध्याकाळी चारनंतर खोली उघडी असते का, एवढे तीन प्रश्न पुरेत. महागड्या परवान्याचे सॉफ्टवेअर नसेल तर खंत करू नये. २००२ मध्ये सुरू झालेले क्यूजीआयएस मोफत आणि मुक्तस्रोत आहे आणि पदवीपुरते सगळे काम त्यात होते. स्वतःचा लॅपटॉप घ्यायचा असेल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप चालतो. मात्र प्रकल्पाच्या फोल्डरचे नाव रोमन लिपीत आणि मोकळी जागा न सोडता ठेवावे, कारण काही विश्लेषण साधने देवनागरी नाव किंवा मोकळी जागा असलेल्या मार्गावर अडतात आणि त्यातून येणारा संदेश वाचून मूळ कारण कधीच लक्षात येत नाही.

महाविद्यालयात हे मायनरच नसेल, तरीही वाट पूर्ण बंद होत नाही. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, जी १९६६ पासून हेच शिकवत आली आहे, ती मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरही सुदूर संवेदन (उपग्रहासारख्या साधनाने दुरून माहिती घेणे) आणि जीआयएसचे अभ्यासक्रम असतात. त्यांचे क्रेडिट पदवीत धरले जावेत यासाठी महाविद्यालयाची लेखी परवानगी नोंदणीच्या आधी घ्यावी. नंतर घ्यायला गेले की फाइल टेबलांवरून फिरत राहते.

तालुका निवडणे आणि त्याचा नकाशा मिळवणे

तालुका निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तिथे एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता आले पाहिजे. तिथे निसर्गात किंवा वस्तीत काहीतरी फरक दिसला पाहिजे. आणि तिथले कुणीतरी ओळखीचे असले पाहिजे. पुरंदरमध्ये हे तिन्ही आहे. पश्चिमेला पुरंदर-वज्रगडाचे डोंगर, तिथून पूर्वेकडे जावे तसा कमी होत जाणारा पाऊस, मधून वाहणारी कऱ्हा, जेजुरीजवळचे नाझरे धरण आणि अंजीर-सीताफळाच्या बागा असा सगळा माल एका तालुक्यात मिळतो.

पहिले काम म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा, ज्याला सगळे टोपोशीट म्हणतात, तो मिळवणे. शीटचा क्रमांक इंटरनेटवर शोधण्याऐवजी एकदा हाताने काढून पाहावा. त्यात अक्षांश-रेखांशांची जी पकड येते ती कुठल्याही व्याख्यानाने येत नाही. जुन्या पद्धतीत ४७ क्रमांकाचा चौकोन ७२ ते ७६ अंश पूर्व आणि १६ ते २० अंश उत्तर एवढा पसरलेला आहे. त्याचे एकेक अंशाचे १६ भाग करून त्यांना ए पासून पी पर्यंत अक्षरे दिली आहेत, आणि ती पश्चिमेकडच्या रांगेत वरून खाली, मग पुढच्या रांगेत वरून खाली अशी जातात. पुरंदर तालुक्याचे ठिकाण सासवड साधारण १८.३४ उत्तर आणि ७४.०३ पूर्व इथे आहे. ७४ ते ७५ पूर्व ही तिसरी रांग. तिच्यात १९ ते २० उत्तर हा आय आणि १८ ते १९ उत्तर हा जे. आता जे चे पुन्हा १५ मिनिटांचे १६ भाग त्याच क्रमाने करायचे. पहिली रांग ७४.०० ते ७४.२५, आणि तिच्यात वरून तिसरा भाग १८.२५ ते १८.५० उत्तर. म्हणजे सासवडची शीट ४७ जे/३. जेजुरीही त्याच शीटवर येते. परंतु पुरंदर किल्ला ७४ अंश रेखांशाच्या किंचित पश्चिमेला असल्यामुळे ४७ एफ/१५ वर जातो. तालुका एकाहून अधिक शीटांत कापला गेला आहे हे तुम्ही आता स्वतः शोधून काढले. ते जोडायचे कसे, हा तुमचा पुढचा गृहपाठ आपोआप तयार झाला.

आज सर्वसामान्यांना मिळणाऱ्या ओपन सिरीज नकाशांचे क्रमांक वेगळे आहेत आणि आपल्या भागात त्यांची सुरुवात ई४३ अशी होते. ते सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून उतरवता येतात. जुन्या शीटा एव्हरेस्ट लंबगोलावर आणि नव्या डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे पृथ्वीचा आकार मांडणाऱ्या दोन वेगळ्या आधारांवर, उभ्या असल्यामुळे दोन्ही एकावर एक ठेवल्या की रस्ते जुळत नाहीत. अशा वेळी नकाशा हाताने ओढून बसवू नये, आधारपृष्ठाचे (ज्या आधारावरून अक्षांश-रेखांश मोजले त्याचे) योग्य रूपांतर निवडावे. हा एव्हरेस्ट लंबगोल ज्या महासर्वेक्षणातून आला, त्याची सुरुवात १८०२ मध्ये मद्रासेत पायारेषा मोजून करणाऱ्या विल्यम लॅम्टनचा मृत्यू १८२३ मध्ये हिंगणघाटला, म्हणजे आपल्याच वर्धा जिल्ह्यात झाला. तिकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की आधारपृष्ठाचा तास जरा कमी कंटाळवाणा होतो, असा माझा अनुभव आहे.

प्रक्षेपण: इथे घाई करू नये

मायनरमध्ये सर्वांत जास्त वेळ कशावर घालवावा, असे कुणी विचारले तर मी प्रक्षेपणावर, म्हणजे पृथ्वीचा गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीवर, बोट ठेवीन. बहुतेक विद्यार्थी हे प्रकरण परीक्षेपुरते वाचतात आणि पुढची दोन वर्षे त्याची किंमत मोजत राहतात.

मोबाइलवरून किंवा संकेतस्थळावरून येणारी माहिती सहसा अंशांमध्ये असते; संदर्भप्रणाल्यांना क्रमांक देणाऱ्या ईपीएसजी यादीत तिचा संकेतांक ईपीएसजी ४३२६. अंश हे लांबीचे एकक नव्हे. सासवडच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा आणि दक्षिणोत्तर एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा भरतो. विहिरींभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढायला सांगितले असता विद्यार्थी खिडकीत ५०० असा आकडा टाकतो, सॉफ्टवेअर त्याचा अर्थ ५०० अंश असा घेते आणि पडद्यावर एकच रंग पसरतो. अंतर किंवा क्षेत्रफळ काढण्यापूर्वी माहिती मीटरमधील प्रक्षेपणात न्यावी लागते. त्यासाठी आपल्याकडे यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे विभाग पाडणारे प्रक्षेपण, वापरतात. ७२ ते ७८ पूर्व हा विभाग ४३, त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३. आणि ७८ ते ८४ पूर्व हा विभाग ४४, त्याचा ३२६४४. पुणे, नाशिक, कोल्हापूर, अमरावती हे ४३ मध्ये येतात. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये.

येथे एक चूक इतकी नेहमीची आहे की ती मुद्दाम करून दाखवावी. नागपूरच्या प्रभागांची लेयर (नकाशातील माहितीचा एक थर) ४४ विभागात तयार झालेली आहे, पण तिचा संकेतांक हरवला आहे असे समजा. विद्यार्थी 'महाराष्ट्र म्हणजे ३२६४३' या सवयीने तिला ४३ चा संकेतांक लावतो. लेयर बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकते. नागपूर ७९.०९ वरून ७३.०९ वर, म्हणजे थेट गुजरातेत बारडोलीच्या शेजारी जाऊन बसते. तिथे रस्ता-नदी काही जुळत नाही म्हणून चूक कळते तरी. यातून शिकायचे ते असे, की संकेतांक 'लावणे' आणि माहिती दुसऱ्या प्रक्षेपणात 'रूपांतरित करणे' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. लावताना फक्त पाटी बदलते, आतले आकडे तसेच राहतात. रूपांतर करताना आकडे नव्याने मोजले जातात. माहितीला पाटीच नसेल तेव्हाच, आणि ती कोणती होती याची खात्री असेल तेव्हाच, पहिली क्रिया करावी. एरवी नेहमी दुसरी. संपूर्ण राज्याचा नकाशा करायचा असेल तर दोन्ही यूटीएम विभाग अपुरे पडतात; तेव्हा सॉफ्टवेअरच्या यादीत राज्याचे नाव टाइप करून महाराष्ट्रासाठी आखलेले लॅम्बर्ट प्रक्षेपण घ्यावे.

तक्ता आणि नकाशा जोडताना

दुसरे मोठे कौशल्य म्हणजे जनगणनेचा किंवा कृषी विभागाचा तक्ता गावांच्या सीमांशी जोडणे. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत आणि आजच्या सीमांच्या फाइलीत ३६, कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. जुन्या तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर आहेत. नव्या फाइलीत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर. पुरंदरचेच रोमन स्पेलिंग एका ठिकाणी एच घालून तर दुसऱ्या ठिकाणी एच न घालता सापडते. नावावरून जोडणी केली की अशा सगळ्या ओळी मुकाट्याने रिकाम्या राहतात, आणि नकाशावरचा तो पांढरा भाग 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून अहवालात जातो.

म्हणून जोडणी नेहमी संकेतांकावरून करावी. जनगणनेत गावाचा संकेतांक सहा अंकी आणि तालुक्याचा पाच अंकी असतो. आपल्याकडील तालुक्यांच्या संकेतांकांची सुरुवात शून्याने होते आणि फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून जतन केली तरी ते शून्य गळून पडते. तक्ता आयात करताना तो स्तंभ आकडा म्हणून न घेता मजकूर म्हणून घ्यावा. जोडणी झाल्यावर पहिले काम म्हणजे रिकाम्या ओळी मोजणे. ती संख्या अहवालात लिहिण्याची सवय पहिल्या सत्रापासून लावून घ्यावी.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे, जो इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही. शेपफाइल हा नकाशाच्या फाइलींचा जुना प्रकार स्तंभाच्या नावाला फक्त १० बाइट देतो. युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना-मात्राही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते. त्यामुळे 'तालुका' हा स्तंभ शेपफाइलीत टाकला की त्याचे 'ताल' एवढेच उरते. आतील मजकुरासाठी अक्षरसंकेताची छोटी जोडफाइल हरवली तर गावांच्या नावांच्या जागी खुणांची रांग दिसते. हा सगळा त्रास जिओपॅकेज या प्रकारात नाही. माहिती एकाच फाइलीत राहते आणि देवनागरी नावे शाबूत राहतात. कार्यालयांकडून मिळणाऱ्या जुन्या याद्या मात्र बऱ्याचदा बिगर-युनिकोड फाँटमध्ये असतात आणि त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, कारण रूपांतर करणारी साधने नेमकी तिथेच चुकतात.

एक पिक्सेल म्हणजे एक आर

उपग्रहाच्या प्रतिमांकडे वळण्याची योग्य वेळ तिसरे सत्र, म्हणजे वरचे दोन विषय पचल्यावर. सुरुवातीला सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा घ्याव्यात. त्या कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, दर पाच दिवसांच्या आसपास नवी प्रतिमा येते आणि दृश्य प्रकाश व निकट-अवरक्त बँडमध्ये (किरणांच्या पट्ट्यांत) एक पिक्सेल, म्हणजे प्रतिमेचा एक ठिपका, १० मीटर गुणिले १० मीटरचा असतो. म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे सातबाऱ्यावर लिहिलेला बरोबर एक आर. गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे तोही जवळजवळ एक पिक्सेल. हा योगायोग शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला सांगितला की 'अवकाशीय विभेदन', म्हणजे एक पिक्सेल जमिनीवर केवढा, ही संज्ञा पुन्हा समजावून सांगावी लागत नाही. दहा गुंठ्यांचे शेत या प्रतिमेत दहाच ठिपक्यांचे असते आणि त्यांतले बरेच बांधावरचे, निम्मे याच्या शेताचे आणि निम्मे शेजाऱ्याच्या. मग एवढ्या प्रतिमेवरून त्या शेतातील पिकाबद्दल किती ठाम बोलावे, हे ज्याचे त्याला उमगते.

पहिला सराव नाझरे धरणाच्या पाण्याचा करावा. ऑक्टोबरअखेरची एक आणि मे महिन्यातील एक, अशा ढग नसलेल्या दोन प्रतिमा घ्याव्यात. हिरव्या बँडमधून, म्हणजे बँड ३ मधून, निकट-अवरक्त बँड ८ वजा करून त्याला दोहोंच्या बेरजेने भागले की पाण्याचा निर्देशांक मिळतो. पाणी निकट-अवरक्त किरण शोषून घेते म्हणून पाण्यावर हे उत्तर साधारणपणे शून्याच्या वर येते. शून्याच्या वरचे पिक्सेल मोजावेत. समजा १२,५०० आले, तर क्षेत्र १,२५,००० आर नव्हे, १२,५०० आर, म्हणजे १२५ हेक्टर. हा दहापटीचा घोळ तोंडी परीक्षेत फार होतो, म्हणून मुद्दाम लिहिले. दोन प्रतिमांतील फरक म्हणजे उन्हाळ्यात उघडे पडलेले बुडीत क्षेत्र. काठावर चिखल आणि गवत असते तिथे शून्य ही सीमा चुकते. ती किती चुकते ते पाहण्यासाठीच पुढे धरणावर जायचे आहे.

दुसरा सराव वनस्पती निर्देशांकाचा, ज्याला सगळे एनडीव्हीआय म्हणतात: बँड ८ वजा तांबडा बँड ४, भागिले दोहोंची बेरीज. येथे आमच्याच प्रयोगशाळेत घडलेली एक फजिती सांगायला हवी. दोन विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या बागायती पट्ट्याची २०२१ आणि २०२३ ची तुलना केली आणि सर्वत्र हिरवाई घटल्याचा निष्कर्ष काढला. नकाशा देखणा होता, कारणमीमांसाही पटण्यासारखी होती आणि मी त्यावर सही केली. चूक आम्हाला दोन महिन्यांनी कळली. २५ जानेवारी २०२२ पासून या प्रतिमांच्या प्रक्रियेत बदल झाला असून प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते आधी वजा करावे लागतात. समजा खरा तांबडा आकडा ४०० आणि निकट-अवरक्त २४०० आहे. निर्देशांक २००० भागिले २८००, म्हणजे ०.७१. वजाबाकी न करता काढला तर १४०० आणि ३४०० धरले जातात, आणि २००० भागिले ४८०० म्हणजे ०.४२ येतात. दाट बाग कागदावर विरळ झाली ती अशी. जुन्या प्रतिमाही आता नव्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया करून दिल्या जात असल्यामुळे केवळ तारखेवर जाऊ नये. फाइलच्या नावात एन या अक्षरापुढे चार आकडे असतात. ते ०४०० किंवा त्याहून मोठे असतील तर १००० वजा करावेत, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे ढगांमुळे अशा प्रतिमा जवळजवळ निरुपयोगी असतात. तेव्हा रडार प्रतिमा वापरतात, पण त्यांचे वाचन वेगळ्या धर्तीचे आहे आणि मायनरमध्ये त्यांची तोंडओळख झाली तरी पुरे. दीर्घ काळाचा बदल पाहायचा असेल तर लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेकडे जावे. त्या मालिकेची सुरुवात १९७२ ची आहे आणि २००८ पासून तिच्या प्रतिमा मोफत आहेत. अलीकडच्या प्रतिमांतही पिक्सेल मात्र ३० मीटरचा, म्हणजे नऊ आर. उंचीच्या माहितीवरून कऱ्हेचे पाणलोट क्षेत्र आखण्याचा सरावही याच सत्रात करावा. तेव्हा लक्षात येते, की पाणलोट तालुक्याच्या हद्दीपाशी थांबत नाही. कऱ्हा पुढे बारामती तालुक्यात जाऊन नीरेला मिळते. निवडलेल्या तालुक्याबाहेर पाऊल टाकायला मी परवानगी देते ती एवढ्याच कामासाठी.

शेताच्या बांधावर

प्रत्येक सत्रात किमान एक दिवस निवडलेल्या तालुक्यात घालवावा. मोबाइलवर क्यूफील्ड हे मोफत ॲप घेऊन त्यात आपलीच लेयर भरून न्यावी आणि ठरवलेल्या तीस-चाळीस ठिकाणी प्रत्यक्ष काय आहे ते नोंदवावे. ही ठिकाणे घरूनच, नकाशावर यदृच्छेने निवडून न्यावीत. रस्त्याकडेची सोयीची ठिकाणे घेतली की प्रतिमेवरून केलेल्या वर्गीकरणाची अचूकता खोटी वाढते. उघड्या आकाशाखाली मोबाइलचे स्थान पाचेक मीटर इकडेतिकडे होते आणि झाडाखाली किंवा डोंगराच्या कुशीत त्याहून जास्त, म्हणून शेताच्या कडेला उभे राहून नोंद करू नये.

शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे आणि आपण मोजणीखात्याचे नाही हे आधी सांगावे. हातात मोबाइल घेऊन बांधावर फिरणारा अनोळखी तरुण दिसला की गावात पहिली शंका भूसंपादनाची येते आणि ती रास्तही असते. त्याच कारणाने, संकेतस्थळावरून घेतलेल्या गटांच्या हद्दी उपग्रह प्रतिमेवर ठेवून 'तुमचा बांध इतका सरकला आहे' असे कुणालाही सांगू नये. मूळ गावनकाशे साखळीने मोजून कागदावर काढलेले, कागद वर्षानुवर्षांत आकसलेला, त्यावर तो स्कॅन करून काही नियंत्रण बिंदूंवर बसवलेला. तुमच्या पडद्यावरील रेघेची चूक कित्येक मीटरची असू शकते. हद्दीचा निवाडा भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने होतो.

प्रकल्प आणि नकाशाची मांडणी

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मुख्य विषयातून यावा, हे मी सुरुवातीला सुचवले. आता तो आखू. विषय एका वाक्यात लिहावा आणि त्यात जागा, काळ व मोजण्याची गोष्ट तिन्ही असावे. 'पुरंदर तालुक्यातील भूजलाचा अभ्यास' हे शीर्षक आहे, प्रश्न नव्हे. 'कऱ्हेच्या काठापासून दूर जावे तशी मे महिन्यातील विहिरींची पाणीपातळी खोल जाते का, की खडकाच्या प्रकारावर ती जास्त अवलंबून आहे?' हा प्रश्न. भूशास्त्राचा विद्यार्थी तो खडकाच्या अंगाने सोडवेल आणि संख्याशास्त्राचा विद्यार्थी शेजारच्या विहिरींचे आकडे एकमेकांवर किती अवलंबून आहेत या अंगाने. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने हेच काम पायथॉन आणि पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये असे बांधावे, की पुढच्या मे महिन्याचे आकडे टाकले की नकाशा स्वतः नव्याने तयार व्हावा.

नकाशाची मांडणी करताना लोकसंख्येसारखी एकूण संख्या रंगांच्या छटांनी दाखवू नये. मोठे गाव आपोआप गडद दिसते आणि वाचक फसतो. घनता किंवा टक्केवारी काढावी, एकूण संख्येसाठी लहानमोठी वर्तुळे वापरावीत. कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा देण्याची पद्धत आहे. तिथे परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेली देशसीमा कधीही वापरू नये, कारण तिच्यात जम्मू-काश्मीर आणि अरुणाचलच्या सीमा वेगळ्या असू शकतात आणि सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. बाकी, भारतीय नागरिकाला नकाशे तयार करण्यासाठी आणि माहिती गोळा करण्यासाठी पूर्वी लागणाऱ्या बहुतेक परवानग्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी काढून टाकल्या आहेत, हे मार्गदर्शकालाही नम्रपणे दाखवून द्यावे. पुष्कळांना ते अजून ठाऊक नसते.

मायनरनंतर

नुसत्या मायनरवर मिळणाऱ्या पहिल्या नोकऱ्या बहुधा प्रतिमेवरून घरे-रस्ते रेखाटण्याच्या असतात. काम एकसुरी असते आणि पगार बेताचा. त्यात वर्षभराहून अधिक अडकू नये, असे माझे मत आहे. मुख्य विषयाची जोड देऊन अर्ज केला तर पीक विमा, नगररचना, पाणलोट विकास, वनव्यवस्थापन, दूरसंचार अशा ठिकाणी दारे उघडतात. राज्याचे या विषयातील मोठे सरकारी केंद्र नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे आणि त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. पुढे शिकायचे असेल तर पुण्यात जिओइन्फर्मेटिक्सचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, मुंबईच्या आयआयटीत या विषयाचे स्वतंत्र केंद्र आहे आणि २०२२ पासून गेट परीक्षेत जिओमॅटिक्स इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे. प्रत्येक ठिकाणची पात्रता निराळी असल्यामुळे, तुमचा मुख्य विषय तिथे चालतो का ते दुसऱ्या वर्षातच पाहून ठेवावे. गणित सोडून बसलेल्यांची अडचण इथेच होते.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांची चवड नेण्याऐवजी निवडलेल्या तालुक्याचे फोल्डर न्यावे: मूळ माहिती कुठून व कोणत्या तारखेला घेतली याची टीप, रूपांतर केलेल्या लेयरचे एक जिओपॅकेज, क्यूजीआयएसची प्रकल्प फाइल, चार-पाच नकाशे आणि चुकांची वही. या वहीत कोणती चूक कशी सापडली ते तारखेसह लिहिलेले असते. आमच्याकडे मुलाखती घ्यायला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी नकाशे बाजूला सारून अर्धा तास ती वहीच चाळली होती, आणि एन ०४०० ची नोंद असलेल्या पानावर ते बराच वेळ थांबले.